सहा मिनिटांची चाल

स्टॉपवॉच हातात घेतलं की बंगळुरातल्या बसवनगुडीचे ते निवृत्त इंजिनिअर आठवतात. बायपासनंतर त्यांना व्यायाम झेपेल का, हे पाहायला मी त्यांना आमच्या फिजिओथेरपी विभागाच्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालवत होते. मध्येच ते भिंतीवरची कन्नड पाटी वाचत थांबले. "अहो, तुम्हाला कन्नड वाचता कुठं येतं?" बाकावरून त्यांची बायको हसली. मी जवळ गेले, तर शर्ट घामाने भिजलेला. "छातीत दुखतंय?" "स्वल्प, थोडंसं," ते पुटपुटले, "पण हिला सांगू नका, अक्का." मी चाचणी थांबवली, डॉक्टरांना बोलावलं. दोन दिवसांनी आयसीयूतच ते वारले. फाईल न्यायला आलेल्या बायकोने विचारलं, "तेव्हा चालताना काय म्हणाले हो तुम्हाला?" "काही नाही," मी म्हणाले. आता चाचणीच्या वेळी मी घरच्यांना बाहेर बसवते.