टेक केअर म्हणजे कुणाची?

फोन मनीषाचा होता. "मावशी गेल्या..." एवढंच बोलली आणि रडायला लागली. दौंडहून मी शिक्रापूरला पोहोचले तेव्हा माझी मोठी बहीण, शालनताई, अंगणात निजवलेली होती. सकाळी दारात पाणी मारता मारता कोसळली. महिना उलटला, तरी मला ते खरं वाटत नाही.

भावजींच्या माघारी ताईनं घरामागं खोल्या काढून कंपनीतल्या मुलींना भाड्यानं दिल्या. मनीषा त्यातलीच, लातूरकडची. बाहेर पडताना कधी चुकायची नाही, "टेक केअर, मावशी." ताईनं एकदा मला विचारलं, "म्हंजी काय गं?"

"काळजी घ्या."

"कुणाची?"

"आपापली. अगं, निघताना नुसतं म्हणायचं असतं ते."

"नुसतं कसं म्हणायचं?" ताईला काही ते पटलं नाही. तेव्हापासून सगळ्या मुली परत येईपर्यंत ती संध्याकाळी फाटकापाशी खुर्ची टाकून बसायची.

पुढं मी तिच्याकडं राहायला गेले असताना भर दुपारी गाडी घेऊन मनीषाचे दोघे भाऊ आले. आई आजारी आहे, म्हणाले. मनीषानं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न ठरवलं होतं, हे ताईला ठाऊक होतं. मनीषा मान खाली घालून आमच्यासमोरून गेली, गाडीत बसली. दार लागलं... आणि पायरीवर बसलेली ताई उठून थेट गाडीपुढं जाऊन उभी राहिली.

"बाजूला व्हा, मावशी," एक भाऊ म्हणाला.

"पोरगी मला टेक केअर म्हणली न्हाई. तिला खाली उतरू द्या. जाते म्हणून तिच्या तोंडानं सांगू दे."

गाडी सुरू झाली, पुढं सरकली, ताईच्या साडीला टेकली. "ताई, सर बाजूला!" मी ओरडले. ती बॉनेटवर दोन्ही हात ठेवून तशीच उभी. "पोलिसांना फोन लाव," मला म्हणाली. मी पिशवीत फोन शोधू लागले. तोवर खोल्यांतल्या मुली बाहेर आल्या, समोरचा गॅरेजवाला हातातला पाना घेऊनच धावला. मग गाडीचं मागचं दार आतून उघडलं. मनीषा उतरली. "मला जायचं नाही," म्हणाली, इतकं हळू, की इंजिनाच्या आवाजात जेमतेम ऐकू आलं.

भाऊ शिव्या देत निघून गेले. ताई पुन्हा पायरीवर येऊन बसली.

मनीषाचं लग्न ताईनंच लावून दिलं. नवराबायको तिथंच एका खोलीत राहतात.

परवा ताईचं सामान आवरायला गेले. संध्याकाळी पाहते तर फाटकापाशी ताईच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत मनीषा बसलेली. कंपनीची बस येऊन गेली होती.

"चल आत, चहा घेऊ," मी म्हटलं.

"तुम्ही व्हा पुढं," रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "एक पोरगी यायची राहिलीय."