वळणावरचा राखणदार

डिचोलीत खनिजाच्या ट्रकांना जीपीएस बसले आणि ऑफिसातल्या पडद्यापुढं मला बसवलं. कुठली गाडी कुठं आहे, किती वेगानं जाते, ब्रेक कुठं दाबला, सगळं दिसायचं. अपघात टळावेत, रस्ता तुंबू नये म्हणून हा खटाटोप. मला मात्र ड्रायव्हरांना फोनवरून झापायला मिळतं याचाच आनंद जास्त. तोंडाची मी पहिल्यापासून तिखट.

खाणीखालच्या एका वळणावर झाडून सगळे ट्रक थांबायचे. मागं रांग लागायची. मी त्यातल्या एका वयस्कर ड्रायव्हरला ऑफिसात बोलावलं. सावंतवाडीकडचा होता.

"मामा, तिथं काय सासुरवाडी लागते तुमची?"

"बाये, थंय राखणदार आसा. गाडी उभी करून हात जोडूचे, मगेच फुडे जावचा. आमचे जाणते सांगान गेले."

"राखणदार पगार देतो का?"

सगळं ऑफिस फिदीफिदी हसलं. त्यानं मान खाली घातली.

तो पुन्हा थांबला, मी त्याची दिवसाची फेरी बंद केली. असं तीनदा. प्रत्येक वेळी कंप्युटरात कारण भरलं: वळणावर थांबला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "बाये, पोटार पाय देव नको." मी म्हटलं, "मग गुमान गाडी हाका. पुन्हा थांबलात तर घरीच बसा."

दुसऱ्या दिवशी पडद्यावर त्याचा ठिपका वळणावरून न अडखळता पुढं सरकला. आला वठणीवर, मी म्हटलं. मग तो ठिपका जो थांबला तो हललाच नाही. आडवाटेनं सायकलवर पाव घेऊन येणारा पोदेर चाकाखाली गेला होता.

पंचनाम्याला मलाही नेलं. मी राखणदाराच्या दगडापाशी उभी राहिले. ती आडवाट फक्त तिथूनच दिसते. दोन पावलं पुढं गेलं की काजूची झाडं आड येतात. जाणत्यांनी थांबायची जागा बरोबर हेरली होती. माझा पडदाही रोज तेच सांगत होता, प्रत्येक गाडीगणिक. इथं सगळेच का थांबतात, एवढं जाऊन बघायची अक्कल मला नव्हती. मेली माझी हुशारी!

ड्रायव्हरला पोलिसांनी धरलं. आठवड्यानं त्याची बायको ऑफिसात आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"थांबा नको म्हणान तुमीच सांगितलात मां? तेवढा कागदार लिवन देवा. वकील म्हणता, शिक्षा कमी होयत."

तिन्ही नोंदी माझ्यासमोर उघड्या होत्या. मी पडदा हळूच माझ्याकडं वळवला.

"तसला कागद आमच्याकडं नसतो," मी म्हटलं.

"बरां," ती म्हणाली.

ती फाटकाबाहेर जाईपर्यंत मी दम धरला, मग तिन्ही नोंदी पुसल्या. त्याला पुरती शिक्षा झाली. मी त्या पडद्यापुढं आणखी सात वर्षं बसले.