अबोला आणि दोन तबकड्या

डिसेंबरातली गोष्ट. आईबाबांच्या अबोल्याला पाच दिवस झाले, तेव्हा मी ठरवलं की या दोघांना एकदा घराबाहेर काढायलाच हवं.

भांडण बिहीच्या झाडावरून होतं. बिही म्हणजे पेरू, पण रायपुरात वाढलेल्या माणसाच्या तोंडात पेरू हा शब्द बसत नाही. तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरामागे आईनं लावलेलं झाड आहे. त्याची एक फांदी शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेली होती आणि त्यांनी वाळत घातलेल्या बड्यांवर, म्हणजे आपल्या सांडग्यांवर, तिचा पाला पडायचा. शेजाऱ्यांनी बाबांना सांगितलं, तेही हसत हसत, चहा पिता पिता. दुसऱ्या दिवशी आई भजनाला गेली असताना बाबांनी माणूस बोलावला आणि फांदी उतरवून टाकली. आई परत आली तर अंगणात फांदी आडवी आणि तिच्यावर अर्धी कच्ची, अर्धी पिकली फळं. आईनं चपला काढल्या, फळं वेचून टोपल्यात भरली आणि आत गेली. त्यानंतर ती बाबांशी एक अक्षर बोलली नाही.

बोलली नाही म्हणजे थेट बोलली नाही. माझी नऊ वर्षांची मुलगी सुट्टीत तिथं राहायला होती. तिच्यामार्फत सगळा कारभार चालू होता.

"तुह्या आबाले सांग, जेवण वाढलं."

आबा दोन हातांच्या अंतरावर पेपर वाचत बसलेले. मुलगी मान वळवून म्हणणार, "आबा, आजी बोल रही है, खाना लग गया।" तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

"आजीले सांग, हात धुऊन येतो."

तिसऱ्या दिवशी तिचा मला फोन आला. "मम्मी, मैं यहाँ छुट्टी मनाने आई हूँ या ड्यूटी करने?"

तिनंच सायन्स सेंटरचं नाव काढलं. शाळेतर्फे ती एकदा जाऊन आली होती, पण रांगेतून. साठ पोरं, दोन मॅडम, आणि 'आगे बढ़ो, आगे बढ़ो'. कुठल्याच गोष्टीला धड हात लावायला मिळाला नव्हता. तिला आता 'ढंग से' जायचं होतं, आणि आजी-आबा दोघंही सोबत हवे होते. माझ्या नवऱ्याची रविवारीसुद्धा बीरगांवच्या कारखान्यात शिफ्ट होती, त्यामुळे गाडी चालवायचं काम माझ्याकडे आलं.

आईनं आधी नाही म्हटलं. "माहं काय काम तिथं? पोट्ट्यापोट्टींचं ते."

"आजी नहीं तो मैं भी नहीं," मुलगी म्हणाली, आणि आईला नातीपुढे दुसरं काही सुचत नाही. सकाळी उठून तिनं मेथीचे पराठे आणि लिंबाचं लोणचं बांधलं. बाबा तासभर आधीच स्वेटर, मफलर घालून फाटकाशी उभे. त्यांची सारी नोकरी रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात गेली. कानाला फोन लावून कुठली गाडी कुठल्या स्टेशनाहून सुटली, कुठे थांबवायची, हे दिवसभर सांगायचं. तेव्हा लाइनीत इतकी खरखर असायची की ओरडल्याशिवाय पलीकडे ऐकू जात नसे. नोकरी संपली, आवाज राहिला. बाबांनी घरात भाजी कुठली म्हणून विचारलं की ते कोपऱ्यावरच्या पानवाल्यालाही कळतं.

सेंटरात शिरताच मुलगी पळाली. वाऱ्याच्या झोतावर एक चेंडू अधांतरी नाचत होता, त्याला ढकलून बघण्यासाठी पोरांची झुंबड होती. बाबा तिच्या मागे गेले. आई माझ्यापाशी थांबली, पर्स पोटाशी धरून.

आमचं लहानपण आईच्या एका वाक्याखाली गेलं आहे: हात नको लावू. पाहुण्यांकडचं शोकेस, शाळेतल्या बाईंचं टेबल, कशालाच हात लावायचा नाही. पंडरीच्या बाजारात कापड घ्यायला गेलं की ती मला दोन्ही हात मागे बांधून उभं राहायला सांगायची, तुझ्या हाताचा डाग लागला तर ते ठाण आपल्याला घ्यावं लागेल म्हणून. आणि इथं तर भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी, 'छूकर देखिए'. आईनं ती दोनदा मोठ्यानं वाचली. मग जवळ उभ्या असलेल्या, गळ्यात ओळखपत्र घातलेल्या मुलीला विचारलं, "दीदी, सच्ची में हाथ लगाना है?"

"हाँ माताजी, बिना हाथ लगाए यहाँ कुछ चलता ही नहीं।"

आईनं पर्स माझ्याकडे दिली.

पुढचा अर्धा तास मी तिला आवरू शकले नाही. तिनं चाकं फिरवली, घंटा वाजवल्या, वेगवेगळ्या लांबीच्या नळ्यांवर चपलेसारख्या रबरी फळीनं फटके मारून सूर काढले. एक बटण दाबलं तर काही झालं नाही, म्हणून आणखी सहा वेळा दाबलं. मागे एक चार वर्षांची मुलगी आपल्या पाळीची वाट बघत होती, तिच्याकडे बघून आई म्हणाली, "रुक बेटा, अभी समझ रही हूँ।"

वाकड्या आरशांपाशी तर कमाल झाली. आरशात आई मडक्यासारखी बुटकी, गोल दिसायला लागली आणि तिला हसू आवरेना. तेवढ्यात मागून बाबा आले. शेजारच्या आरशात ते बांबूसारखे लांबलचक, वर चिंचोक्याएवढं डोकं. तेही हसत होते. आरशातच दोघांची नजरानजर झाली. आईचं हसू तिथल्या तिथे बंद. पदर सारखा करून ती पुढच्या खोलीत निघून गेली. बाबा आरशासमोर एकटेच लांबट उभे राहिले. मला त्यांची दया आली आणि जरा रागही आला. पासष्ट-सत्तरीच्या माणसांनी किती ताणायचं?

बाहेर बागेत आलो. ऊन छान कोवळं होतं. हिरवळीच्या दोन टोकांना दोन मोठ्या तबकड्या उभ्या होत्या, माणसाएवढ्या उंच, एकमेकींकडे तोंड करून. मधे चाळीस-पन्नास पावलांचं अंतर. एका तबकडीपाशी हळू बोललं की दुसरीपाशी उभ्या असलेल्या माणसाला ते कानात सांगितल्यासारखं ऐकू येतं. मुलीनं पाटी वाचली, आमच्याकडे बघितलं, आणि तिच्या डोक्यात काय शिजलं ते मला तेव्हाच दिसायला हवं होतं.

"आबा, आप उधर खड़े हो जाओ। मैं इधर से बोलूँगी।"

बाबा आनंदानं पलीकडे गेले. ते जागेवर पोचेपर्यंत हिनं आईचा हात धरून तिला अलीकडच्या तबकडीसमोर उभं केलं. "आजी, यहाँ मुँह रखके कुछ भी बोल।"

"काय बोलू मी?"

"कुछ भी!"

तेवढ्यात पलीकडून बाबांनी तबकडीत तोंड घातलं आणि सवयीनं सुरू केलं, "हॅलो! हॅलो! आवाज येऊन राहिला का? हॅलो!" झाडावरचे पक्षी उडाले. आमच्या मागे तबकडीसाठी एक कुटुंब थांबलं होतं, ते दचकलं.

आई स्वतःशीच पुटपुटली, "पाच दिवसांपासून बोलली नाही, तरी यांचं हॅलो हॅलो चालूच."

पलीकडचं हॅलो तिथंच तुटलं. मग बाबांचा आवाज आला, तितकाच मोठा. "अवं, तू आहे का तिथं? मले वाटलं पोट्टी आहे!"

आई चपापली. पुटपुटलेलं तिकडे जाईल हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. ती मागे सरकली, पण नात मागे भिंतीसारखी उभी. मीही हलले नाही. मग आई पुन्हा तबकडीकडे वळली आणि इतक्या हळू बोलली की शेजारी उभं राहून मला जेमतेम ऐकू आलं.

"झाड कोणं लावलं होतं?"

"तू लावलं! कोण नाही म्हणते?"

"मग मले काहून नाही विचारलं?"

"तू भजनाले गेली होती! माणूस दारात आला होता!"

"माणूस आपोआप आला का? तुम्ही बोलावला तवाच आला ना. शेजाऱ्याशी बोलले, त्या माणसाशी बोलले, मी काय पाहुणी आहो का घरात? विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, काप. चार दिवस थांबून फळं उतरवली असती, मग काप."

हे पाच दिवसांत कोणालाच कळलं नव्हतं. मलाही वाटत होतं की रुसवा फांदीचा आहे, फळांचा आहे. मी तिला फोनवर सांगून बसले होते, अगं, फांदी काय, पुन्हा फुटेल.

हिरवळीवरची माणसं आता आमच्याकडे बघायला लागली होती. त्यांना अर्थात बाबांचीच बाजू ऐकू येत होती. मफलर घातलेला एक म्हातारा माणूस लोखंडी तबकडीत डोकं घालून कोणाशी तरी भांडतो आहे, एवढंच.

बाबांनी तबकडीतून डोकं बाहेर काढून मफलर सारखा केला. मला वाटलं, निघाले तिथून. मग अख्ख्या बागेला ऐकू जाईल असा आवाज आला.

"चुकलं माहं!"

माझ्या पंचेचाळीस वर्षांत हे शब्द मी बाबांच्या तोंडून ऐकले नव्हते. गाडी चुकली, वेळ चुकली, हे ऐकलं होतं. माहं चुकलं, हे नाही. आईनंही ऐकलं नसावं. ती तबकडीची कड धरून उभी राहिली.

मागच्या कुटुंबातल्या बाई आईच्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "माताजी, अब माफ कर दीजिए। हमारा भी नंबर है।"

आईला हसू फुटलं. तबकडीत तोंड घालून ती म्हणाली, "हव, झालं. हळू बोला जरा, सारी दुनिया ऐकून राहिली."

त्यानंतर बाबा जे काही बोलले ते खरोखरच हळू बोलले. मी कान देऊनही मला ऐकू आलं नाही. आईला आलं. ती लाजली, "काहीही!" म्हणाली, आणि बाजूला झाली. मी गाडीत विचारलं, मुलीनं तर दोन दिवस पिच्छा पुरवला, पण आईनं सांगितलं नाही ते नाहीच.

मग आम्ही कप्पी आणि दोराच्या खुर्चीपाशी गेलो. खुर्चीत बसायचं, दोर ओढायचा, की माणूस स्वतःच स्वतःला वर उचलतो. आई म्हणाली, मी बसते. बाबा म्हणाले, जमणार नाही, गुडघे सांभाळ. झालं, मग तर ती बसलीच. हात-दीड हात वर गेली आणि दोर धरून तिथंच थांबली.

"आता उतर!" बाबा खालून ओरडले.

"थांबा ना. इथून छान दिसते सारं."

"अवं, माणसं खोळंबली!"

"मग तुम्ही शेजारच्या खुर्चीत बसा."

बाबा बसले. दोर ओढायला लागले तर ते तिच्यापेक्षा वर जायला लागले, म्हणून तिनं आणखी ओढला. माझी मुलगी खाली उड्या मारत ओरडत होती, "आजी जीतेगी, आजी जीतेगी!" शेवटी दोघं धापा टाकत उतरले. पराठे आम्ही झाडाखाली खाल्ले. आईनं बाबांच्या हातात डबा देताना मधे कोणाला निरोप सांगितला नाही, आणि मुलीनं दोन्ही हात वर करून, "चलो, मेरी ड्यूटी खतम," म्हणत तिसरा पराठा घेतला.

दोनेक आठवड्यांनी, रविवारीच, आम्ही दोघी न सांगता तात्यापाऱ्यात गेलो. दाराला कुलूप. या वेळी ही दोघं कधी घराबाहेर नसतात. मी घाबरून आईला फोन लावला. बऱ्याच रिंगा झाल्यावर तिनं उचलला. मागे पोरांचा गलका.

"कुठे आहेस तू?"

"सायन्स सेंटरात. त्या दिवशी तो थ्रीडीचा शो राहून गेला होता ना? ई-रिक्षा करून आलो दोघं."

मुलीनं माझ्या हातातून फोन ओढला. "आजी! मेरे बिना?"

"तू तर पाहून येशीलच कधी ना कधी," आई म्हणाली. "ठेवते मी. ते चष्मे वाटून राहिले, तुह्या आबाचा उलटा लागला आहे."