तकलीफ नाही, साब

एकोणीसशे सदतीसच्या निवडणुकीत आम्हा लढाईवरून परतलेल्यांना एकाएकी भाव आला. तोवर ज्याच्या नावावर बऱ्यापैकी जमीन, त्यालाच मत. या खेपेला नियम निघाला की ज्याच्याकडे पलटणीतून सुटल्याचा कागद आहे, त्यालाही मत. झालं! अठरा वर्षं आम्हाला 'बसा' न म्हणणारी माणसं आमच्या दारात चपला काढायला लागली. दिंडोरीच्या अलीकडच्या चार-पाच गावांत मिळून आम्ही वीसेक जण होतो. मी हवालदार होऊन सुटलेला, म्हणून सगळ्यांनी मला पुढं केलं. मला हौस नव्हती. खरं सांगायचं तर त्या वयात मला कशाचीच हौस उरली नव्हती.

तयार झालो तो एका माणसासाठी. माझ्याच गावचा, माझ्याच तुकडीतला गडी. तिकडं इराकात, बसऱ्याच्या पुढं, नदीकाठच्या चिखलात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात त्याला लाकडाचा पाय बसवला आणि घरी धाडला. त्या पायावर त्यानं लग्न केलं, पोरं वाढवली, पेरूच्या बागेत राखणदारी केली. पण लाकूडच ते, पुरणार किती? वाळवी लागली. लोहारानं दोनदा लोखंडी पट्टी मारली आणि तिसऱ्यांदा हात झटकले, "आता ह्याला खिळा धरत नाय." वर गुडघ्याशी घासून घासून जखम झाली होती, ती भरायचं नाव घेईना. बागवाल्यानं सांगून ठेवलं होतं, शिमग्यापर्यंत धड चालायला लाग, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो. नव्या पायासाठी मी स्वतः तीन अर्ज लिहून दिले होते. एकाचंही उत्तर नाही.

तेवढ्यात निरोप आला. निवडणुकीला उभे राहिलेले एक वकीलसाहेब नाशकात एका धर्मशाळेच्या आवारात सगळ्या माजी शिपायांना भेटणार, त्यांच्या अडचणी ऐकणार. आम्ही दोन बैलगाड्या जुंपल्या. निघताना त्या गड्याची बायको चाकाला हात लावून उभी राहिली.

"भावजी, बाकीचं काय बोलायचं ते बोला, पन पायाचं इसरू नका."

"इसरतो कसा, वहिनी? त्याच्यासाठीच तर चाललोय."

वाटेनं मी पाठ करत होतो. दोनच गोष्टी बोलायच्या होत्या. एक, ह्याचा पाय. दुसरी, उद्या पुन्हा लढाई लागली तर आमची पोरं न्यायला याल, त्याआधी परत आलेल्यांकडं बघा. एवढंच, पण माझी जीभ दर वेळी अडखळायची. गाडीतून कोणीतरी म्हणालं, "हवालदार, बैलाला म्हणून दाखवा, तो मान तरी हालवंल." सगळे हसले, गडी सगळ्यात जास्त हसला. नवा पाय मिळाल्यावर पहिल्यांदा वणीच्या देवीला चालत जाणार, असं त्यानं सांगून टाकलं.

वकीलसाहेबांचं भाषण लांबलं. सरहद्द, विलायतेत चाललेली युद्धाची तयारी, शूर शिपायांच्या जिवावर सुरक्षित असलेला देश. माझ्या शेजारचा म्हातारा पुटपुटला, "कोनाचा देश, बाबा? बसऱ्यात आपन कोनाचा देश राखीत व्हतो?" मी त्याला गप्प केलं. माझी पाळी यायची होती.

भाषण संपलं आणि वकिलांसोबत आलेले एक निवृत्त सुभेदार-मेजर व्यासपीठावरून उतरले. कोटावर पदकं, हातात छोटी छडी. ते आमच्याकडं चालत आले. त्यांच्या बुटांचा आवाज ऐकला आणि मला काय झालं कोण जाणे. मी उठलो, आणि पोटातून ओरडलो, "स्क्वाड, अटेन्शन!"

सगळे ताडकन उठले. कोणी न सांगता उंच माणसं उजवीकडं, ठेंगणी डावीकडं, दोन रांगा. सुभेदार-मेजरांनाही तेच अंगवळणी पडलेलं. ते रांगेपुढून प्रत्येकाच्या छातीकडं बघत गेले, मधोमध थांबले आणि त्याच जुन्या सुरात विचारलं, "कोई तकलीफ?"

पलटणीत दर महिन्याला साहेब हेच विचारायचा. एकदा एका रंगरुटानं सांगितलं, डाळीत खडे असतात. साहेबानं मान डोलावली आणि गेला. मग आम्ही अख्ख्या तुकडीनं तीन दिवस भर उन्हात पाठीवर ओझी घेऊन मैदानाला फेऱ्या मारल्या. त्यानंतर त्या प्रश्नाला आमच्याकडं एकच उत्तर होतं.

"नहीं, साब!"

वीस गळ्यांतून एका दमात गेलं. माझ्याही. आणि सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा होता, ते मला मान न वळवताच कळलं.

वकीलसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. "बघा! याला म्हणतात शिस्त. आहे काही कुरकुर?" लोकांनीही टाळ्या वाजवल्या. वकीलसाहेबांना पुढं इगतपुरीची सभा गाठायची होती. मी शुद्धीवर येईपर्यंत मोटार सुरू झाली होती. मी धावलो, दाराला हात घातला. "सुभेदारसाहेब, आमच्यातल्या एकाचा पाय..."

"हवालदार," ते हळूच म्हणाले, "भर सभेत नाही म्हणालात. आता मी कोणत्या तोंडानं सांगू?" त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. मोटार गेली. लाज वाटली मला. अजूनही वाटते.

परतलो तेव्हा वहिनी दारातच होती. तिनं आमची तोंडं बघितली. "असू द्या, भावजी. भाकरी खाऊन जावा," म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मतदानाच्या आधल्या आठवड्यात तो पाय मधोमध उकलला. बागेत दुसरा माणूस लागला. तरी मत द्यायला यायचंच, असा हट्ट. दिंडोरीत गाड्यांची एवढी गर्दी की शाळेपर्यंत जाता येईना. मी त्याला पाठुंगळी घेतला.

"कोणाला देणार?" मी विचारलं.

"वकिलाला. त्यानं इचारायला मानूस तरी धाडला. आपनच नाय म्हनलो."

माझं डोकं फिरलं. "अरे, आम्ही ओरडलो ते ओरडलो. तू कशापायी ओरडलास? तेही सगळ्यांत मोठ्यानं? तुझ्याच पायासाठी गेलो होतो ना, गाढवा!"

त्यानं मान पुढं केली. मग माझ्या कानाशी म्हणाला, "रागावू नको, हवालदार. किती वर्सांनी तुझी आरोळी ऐकली. उभा राहिलो, अन् घडीभर दोन्ही पाय जाग्यावर हायेत असं वाटलं बघ. मग तकलीफ कसली सांगू?"

मी त्याला जरा वर सरकवून घेतला आणि चालत राहिलो. शाळेच्या दाराशी लांब रांग होती. "उतरव आता," तो म्हणाला. मी उतरवलं नाही. उतरवलं असतं तर त्याच्या तोंडाकडं बघावं लागलं असतं.