बोक्याची साखर

आमच्या बोक्याला मधुमेह झालाय, हे आधी आईने ओळखलं. तेव्हा आम्ही दीपनगरच्या वसाहतीत राहायचो. वडील वीज केंद्रात नोकरीला होते आणि मी भुसावळच्या एका शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. बोका नऊ-दहा वर्षांचा होता. दोन वेळा पोटभर जेवायचा तरी पाठीचं हाड वर आलं होतं, आणि पाणी तर इतकं प्यायचा की भांडं सारखं भरावं लागे. वडील म्हणाले, उन्हाळा आहे.

एका सकाळी तो मोरीत मुतला आणि थोड्या वेळात तिथे मुंग्या जमल्या. आई स्वतः मधुमेहाची रुग्ण. दुसऱ्या दिवशी तिने बोक्याच्या लघवीचे चार थेंब कसेबसे मिळवले, आपल्या तपासणीच्या निळ्या औषधात घालून नळी दिव्यावर धरली. औषध विटकरी लाल झालं, म्हणजे साखर भरपूर.

"याला माझंच दुखणं झालंय," ती म्हणाली.

जवळच्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर हसले नाहीत, याचं मला आजही बरं वाटतं. त्यांनी बोक्याला नीट तपासलं. आईने विचारलं, "माझ्यातलंच इन्सुलिन थोडं दिलं तर?"

"नका देऊ, ताई. मी बैल-म्हशी बघणारा माणूस. मांजराला किती द्यायचं ते मला माहीत नाही. अंदाजाने दिलं तर मरेल तो." त्यांनी धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईंच्या नावाने चिठ्ठी दिली. त्या मुंबईला शिकलेल्या होत्या आणि कुत्र्या-मांजरांचं बघायच्या.

माझ्या शाळेत परीक्षा चालू होत्या, म्हणून मीच म्हटलं, त्या संपल्या की जाऊ. शनिवारी बोक्याने खाणं सोडलं. उलट्या सुरू झाल्या आणि तोंडाला नासक्या फळासारखा वास यायला लागला. परीक्षेचं मी दुसऱ्या बाईंवर सोपवलं आणि सोमवारी पहिल्या एसटीने आम्ही दोघी निघालो. बोका झाकणाच्या टोपलीत, वर ओलं फडकं. पारोळ्याला एक म्हातारी शेजारी येऊन बसली.

"टोपलीमा काय शे?" तिने विचारलं. आईने झाकण थोडं उचलून दाखवलं.

"मांजरना बी दवाखाना ऱ्हास?" मांजराचाही दवाखाना असतो याचं नवल करत म्हातारी म्हणाली, आणि मग पाय आखडून तिने टोपलीला जागा करून दिली.

धुळ्याच्या दवाखान्यात बाहेर गायी-बकऱ्यांची रांग होती. डॉक्टरीणबाईंनी बोक्याचं तोंड हुंगलं आणि आम्हाला तडक आत घेतलं. "चार दिवस आधी आणायला हवा होता," त्या म्हणाल्या. आईने माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यांनी पायावरचे केस कापून सलाईन लावलं. मांजरांसाठी वेगळी जागा नव्हती. औषधांच्या खोलीत एका टेबलावर त्याला ठेवलं आणि आम्ही आळीपाळीने त्याचा पाय धरून बसलो. तीन दिवस आम्ही आईच्या मावसबहिणीकडे मुक्काम केला. तिसऱ्या दुपारी त्याने मान उचलून दुधाची वाटी चाटली.

मग बाईंनी आईला इंजेक्शन शिकवलं. औषध माणसांचंच, पण माप अगदी थोडं, सकाळ-संध्याकाळ, आणि आधी तो जेवलाय का ते बघून. आईने सुई हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली. सहा वर्षं तिला वडीलच सुई टोचत आले होते. स्वतः टोचून घ्यायचा तिला धीर होत नसे.

"मानेची कातडी चिमटीत धरा," बाई म्हणाल्या. "त्याला तुमच्याइतकी भीती वाटत नाही."

घरी आल्यावर महिन्याभराने आई एकदा चुकली. बोक्याने जेवण अर्धवट टाकलं होतं ते तिने पाहिलं नाही. तासाभरात तो लटपटायला लागला, भिंतीला धडकला. मी घाबरून गेले. आईने साखरेचं पाणी बोटाने त्याच्या हिरड्यांना चोळलं, पुन्हा पुन्हा. "मला असंच होतं," ती म्हणत होती, "पायाखाली जमीन राहत नाही." अर्ध्या तासाने तो उठून बसला. त्या आठवड्यापासून आई स्वतःचं इंजेक्शन स्वतःच घ्यायला लागली. वडिलांनी विचारलं तर म्हणाली, "केंद्रात तुमची पहिली पाळी असली की मला उशीर होतो."

बोका त्यानंतर दोन वर्षांहून थोडं जास्त जगला. शेवटी त्याची मूत्रपिंडं गेली. आईने धुळ्याला ट्रंककॉल लावला.

"आता आणू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "प्रवासाचे हाल होतील. जवळ बसा त्याच्या."

आई दोन दिवस त्याच्याजवळ बसून होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. वडिलांनी रजा टाकली आणि क्वार्टरच्या मागे खड्डा खणला. जमीन कडक होती, बराच वेळ लागला.