थोडं पुढं

परकोटाच्या आतल्या चंद्रपुरात घरं बांधलेली नाहीत, कोंबलेली आहेत. पठाणपुरा गेटाकडच्या त्या गल्लीत तर एका घरच्या कुकरची शिटी शेजारच्या बाया मोजतात आणि भलत्याच घरचा गॅस बंद होतो. कोणाची सून रुसली, कोणाकडे आज झिंगे शिजले, हे विचारावं लागत नाही. उन्हाळ्यात प्रत्येक खिडकीतून कूलरचं बूड गल्लीत आलेलं असतं. घरातला माणूस गार आणि गल्लीतून जाणारा भाजून निघालेला, असा तिथला न्याय.

ही गल्ली अशी कोणी केली विचारलं, तर लोक सरकारला शिव्या देतात. सरकारला शिव्या द्यायला पैसे पडत नाहीत. खरं सांगायचं तर ती मुखरू मिस्तरीने केली.

मुखरू आरमोरीकडच्या खेड्यातला. तरणाबांड असताना धानाचा चिखल सोडून इकडे आला, गवंडीकाम शिकला आणि गल्लीच्या आतल्या टोकाला घर करून राहिला. हात असा साफ, की त्याने केलेल्या भिंतीवरून पाणीसुद्धा सरळ रेषेत उतरायचं. पण माणसात एक खोट होती. त्याला ‘नाही’ म्हणता येत नसे. कोणी ओटा बांधायला बोलवायचं आणि काम निम्म्यावर आलं की हळूच म्हणायचं, “मिस्तरी, बांधूनच राह्यले तं थोडं पुढं घ्या ना जी.”

“घेऊ,” मुखरू म्हणायचा.

थोडं म्हणजे चार बोटं. समोरचा आपल्या दारातून बघायचा आणि गप्प बसायचा, कारण पुढच्या दिवाळीला त्याला स्वतःची पायरी पुढं घ्यायची असायची. आज त्याचं, उद्या आपलं, हा त्या गल्लीचा कायदा. कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो कधी मोडला नाही. ओटे झाले, पायऱ्या झाल्या, श्रावणच्या घराला तर बाहेरून जिना झाला. सगळ्यांवर मुखरूचीच थापी फिरली.

गल्लीला मध्यावर एक वळण आहे. मुखरूची बायको कमळा लग्न होऊन आली, तेव्हा तिच्या माहेरची बंडी त्या वळणावरून बैलांसकट वळून थेट दारात आली होती. पेटी, पितळेचे गंज, धानाचं पोतं, सगळं दारात उतरलं. ते आंदण बघायला गल्ली लोटली होती आणि कमळा ही गोष्ट म्हातारपणापर्यंत सांगायची. पुढे वळणावर, श्रावणच्या जिन्यासमोर राहणाऱ्या नानाजीला घरात न्हाणी हवी झाली. सून यायची होती, बिचारीने उघड्यावर का आंघोळ करावी? मुखरूने कोपरा पुढं घेतला. धारदार काटकोनात, आरशासारखं प्लास्टर. जाता-येता तो त्यावरून हात फिरवायचा. “हे माह्यं सगळ्यात पक्कं काम,” म्हणायचा.

मग कमळाला लकव्याचा पहिला झटका आला. अँब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि बाईला गोधडीत घालून, ठिकठिकाणी टेकवत बाहेर न्यावं लागलं. जीव वाचला. डावा हात गेला आणि बोलणं बोबडं झालं. डॉक्टर म्हणाले, “पुन्हा असं झालं तर जराही वेळ लावू नका. आणि गाठोडं करून आणू नका, स्ट्रेचरवर सरळ निजवून आणा.”

त्या दिवशी मुखरू गल्लीतून आत आला तो पहिल्यांदाच डोळे उघडून. प्रत्येक ओटा त्याला ओळख दाखवत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने छन्नी-हातोडा काढला आणि स्वतःचाच ओटा फोडायला बसला. त्याच ओट्यावर कमळा रोज संध्याकाळी तांदूळ निवडत समोरच्या साधनाशी गप्पा मारायची.

“आता म्या कुठी बसू?” तिने बोबड्या जिभेने विचारलं.

“बसाचं नंतर पाहू. निंघता आलं पाह्यजे,” मुखरू म्हणाला.

ओट्याची जागा मोकळी झाली आणि सकाळी तिथे नानाजीच्या मुलाची, निकेशची मोटरसायकल उभी. पोरगा घुग्घुसला खाणीत रात्रपाळी करतो, वागायला गरीब. “काका, बरं झालं जी तुमी जागा केली. गेटजवळ ठेवली का पोट्टे पेट्रोल काढतेत.” मुखरूच्या मनात होतं, हिला आत्ताच्या आत्ता काढ. तोंडातून निघालं, “ठेव.” सुंभ जळतो, पीळ जात नाही.

मग तो नानाजीकडे गेला. “नानाजीभाऊ, कोपरा उतरवून मांगं घेऊ. सिमेंट माह्यं, मेहनत माही. तुमाले कायचाच खर्च नाई.”

“मी नाई कुठी म्हणतो जी?” नानाजी म्हणाला. “पण पह्यले श्रावणले त्याचा जिना काढाले सांगा.”

श्रावण म्हणाला, “जिना काहाडतो मी. पह्यले नानाजीचा कोपरा जाऊ द्या.” मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला सगळे तयार, फक्त आधी दुसऱ्याने बांधावी. वर साधना प्रेमाने म्हणाली, “भाऊ, कमळाबाईले काई होत नाई. काऊन भेव घेता?” वाईट माणूस त्या गल्लीत एकही नव्हता, हीच तर पंचाईत. एखादा वाईट असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

एकदा मुखरू कोणाला न विचारता छन्नी घेऊन कोपऱ्यापाशी जाऊन उभा राहिला. भिंतीच्या पलीकडे नानाजीची सून लेकराला न्हाऊ घालत होती. पाणी सांडत होतं, लेकरू खिदळत होतं. मुखरूने छन्नी खिशात टाकली आणि घरी आला. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. माणूस थकतो हो, आणि आपल्याच हातच्या कामाशी भांडताना जास्त थकतो.

मे महिन्यात भर दुपारी कमळा चुलीपाशी पडली. डोळे फिरलेले, तोंड वाकडं. साधनाने फोन लावला आणि अँब्युलन्स लवकर आली, त्यात कोणाचा दोष नाही. गाडीतली दोन पोरं स्ट्रेचर घेऊन आत धावली. कोपऱ्यावर ते अडलं, तेव्हा पोरांनी ते उभं केलं आणि आत आणलं. कमळाला त्यावर सरळ निजवलं, पट्टे आवळले, मोटरसायकलीला घासत बाहेर काढलं आणि पुन्हा कोपऱ्यावर आले.

रिकामं स्ट्रेचर उभं करता आलं होतं. भरलेलं कसं करणार?

एकीकडे श्रावणचा जिना, दुसरीकडे नानाजीचा कोपरा आणि त्यावर टांगलेला कूलर. पोरांनी तिरपं केलं, मागे घेतलं, पुन्हा रेटलं. स्ट्रेचरचं लोखंड प्लास्टरवर खरडत गेलं. नानाजी बनियनवर धावत आला, त्याने स्वतःच्या हाताने स्वतःचा चालू कूलर खाली ओढून फोडला. झोपेतून उठलेल्या निकेशने सब्बल आणली आणि कोपऱ्यावर घाव घालायला लागला. प्लास्टरचे टवके उडाले, आतली वीट हलली नाही. मुखरूचं काम कधीच कच्चं नव्हतं.

“सोडा!” शेवटी मुखरूच ओरडला. “चादर आना!”

कमळाचं गाठोडं झालं. जिच्या आंदणाची बंडी इथून वळली होती, ती बाई मुडपून, डोकं गुडघ्यांकडे करून त्याच वळणावरून निघाली. एक डोळा उघडा होता आणि तो मुखरूकडे बघत होता. त्याला वाटलं, ही काहीतरी विचारते आहे. दवाखान्यात पोहोचल्यावर डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, “उशीर केला हो तुम्ही.”

तिरडीही त्या कोपऱ्यावर वळली नाही. बायकांनी ओट्यांवरून, माणसांनी जिन्यावरून हात लावून ती डोक्यांच्या वरून पार केली. सगळी गल्ली रडली, आणि खरं रडली. मसणवटीत नानाजी म्हणाला, “आता तो कोपरा काढूनच टाकू.” श्रावण म्हणाला, “माहा जिना पन.” सगळे म्हणाले, “काढू.”

तेरवी झाली. कूलर नवा आला. निकेशने शरमेने मोटरसायकल गेटजवळ ठेवायला सुरुवात केली, पण पुन्हा पेट्रोल चोरीला गेलं आणि ती परत मुखरूच्या दारात आली. कोपऱ्याचं आणि जिन्याचं नाव कोणी काढेना.

दिवाळीच्या तोंडावर नानाजी खाली मान घालून मुखरूच्या दारात आला. “कसं सांगू तुमाले, मिस्तरी. तिथलं प्लास्टर निंघालं ना, तं वीट पानी पिऊन राह्यली. न्हानीत वल येते, लेकराले सर्दी होते. दुसरा मिस्तरी बोलावतो मी. फक्त तुमाले इचाराले आलो.”

“दुसरा कायले?” मुखरू म्हणाला. “करतो मी.”

त्याने घमेलं घेतलं, रेती चाळली, माल कालवला. लोखंडाने खरडलेली रेघ भिंतीवर तशीच होती, सब्बलीचे घावही होते. त्यावरून त्याने एकदा हात फिरवला, पाणी मारलं, ओळंबा सोडला आणि डोळा बारीक करून बराच वेळ बघत राहिला.

“नानाजीभाऊ,” तो म्हणाला, “थोडं पुढं घेऊ का? आता आतून कोनाले काढाचं राह्यलं नाई.”

नानाजीने गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं.

“घ्या,” तो म्हणाला.