हौद मागितला, पाटी मिळाली

एका खंडातल्या माणसांना दुसऱ्या खंडातल्या माणसांची तहान कळते, असे क्षण इतिहासात क्वचित येतात. आमचा क्षण मिशिगनमधल्या ट्रॉय गावी, एका बेसमेंटमध्ये आला. वडे संपले होते आणि चहा व्हायचा होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मराठी मंडळाला त्या वर्षी काहीतरी जागतिक करायचं होतं. मी चिटणीस, म्हणून वक्ता शोधणं माझ्याकडे आलं. जवळच्या विद्यापीठात गुरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण घेणारा केनियातल्या मासाई या गुरं पाळणाऱ्या जमातीतला एक तरुण सापडला. गाडीत त्यानं मला विचारलं, "तुमचे लोक ऐकतात ना?" मी हो म्हणालो.

त्यानं गावाच्या स्लाइड्स दाखवल्या. बायकांनी स्वतः बांधलेली, शेणानं लिंपलेली घरं. काटेरी कुंपणात गुरं. झाडाखाली बसलेले म्हातारे. गावचा प्रत्येक निर्णय त्या झाडाखाली होतो आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत कुणी उठत नाही, असं तो म्हणाला. शेणाची घरं पाहून आमची मंडळी हळहळली. त्यांतल्या निम्म्यांचं बालपण सारवलेल्या जमिनीवर गेलं होतं.

मग त्यानं गरज सांगितली. बायका पाण्यासाठी अर्धा दिवस चालतात, म्हणून हातपंप हवा. पण त्याआधी, पंपापासून लांब, गुरांसाठी हौद हवा. "हौद नसला तर गुरं पंपाशी येतील. मग पंप टिकणार नाही."

"ही गुरं तुम्ही खाता?" आमच्या अध्यक्षांनी विचारलं. ते हृदयाचे डॉक्टर होते.

"क्वचित, समारंभाला. एरवी दूध पितो. तुमच्याकडे मात्र दर चौकात गोमांसाच्या हॅम्बर्गरचं दुकान आहे."

अध्यक्षांनी चहा आणायला सांगितलं.

पुढच्या रविवारी कार्यकारिणी बसली. पाहुण्याला बोलवावं असं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. मोटार कंपन्यांत काम करणाऱ्या आम्हा तीन इंजिनिअरांनी पंपाच्या दांड्यावर तासभर घालवला. आमच्यापैकी कुणीही आयुष्यात हातपंप दुरुस्त केलेला नव्हता.

"त्यानं आधी हौद मागितला होता ना?" नागपूरच्या एक वहिनी म्हणाल्या. सभेतलं तेवढं एकच वाक्य कामाचं होतं.

"वहिनी, आधी माणसं. गुरांचं नंतर बघू," अध्यक्ष म्हणाले.

"नंतर म्हणजे पंप मोडल्यावर?"

"आणि उद्या कुणी म्हणालं, मंडळ कापायची गुरं पोसतं, तर?" उपाध्यक्षांनी काळजी व्यक्त केली. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये त्यांचा हॅम्बर्गर मी रोज समोर बसून पाहत असे. "हौद कॅन्सल करा, यार. त्याऐवजी तिथे एक छान पाटी लावू."

पाटीवर मात्र सगळे बोलले. जाड पोलाद, न गंजणारं. मराठी आणि इंग्रजी. पदाधिकाऱ्यांची नावं. नावांच्या क्रमावरून चहा दोनदा गरम करावा लागला. वहिनी मधेच कोट घालून निघून गेल्या. मी तोंड उघडायला हवं होतं. त्याऐवजी मी इतिवृत्तात 'एकमताने मंजूर' असं लिहिलं. पाटीवर माझं नाव तिसरं होतं.

पाहुण्याला मी फोनवर निर्णय कळवला.

"तुमच्या गावात झाड नाही का?" त्यानं विचारलं.

"आहेत. त्यांच्याखाली बर्फ आहे," मी म्हणालो. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही.

शिक्षण संपवून तो गावी परतला. मंडळाच्या पैशांतून तिथे पंप आणि पाटी बसली. पुढच्या वर्षी त्याचं पत्र आलं, ते मी बैठकीत वाचून दाखवलं. पंप पावसाळाभर चालला. नंतर ओढे आटले, गुरं पाण्याच्या वासानं पंपाशी आली आणि त्यांच्या रेटारेटीत तो मुळापासून निघाला. बायका पुन्हा अर्धा दिवस चालतात.

पत्रात कुणाला दोष दिलेला नव्हता. अध्यक्षांनी विचारलं, पाटीचं काय झालं?

तेही शेवटी लिहिलं होतं. पाटी उत्तम आहे. गाई तिच्यावर पाठ घासतात.